'खाडीकाठ'मधली रुपेरी चौकट

मित्रांनो, मी एक जुने छपाईचे यंत्र आहे. माझ्याकडे पाहून तुम्हाला ते पटणार नाही. कोणी मला उसाच्या चरकाचा थोरला भाऊ समजते, कोणी जहाजाचा तुटका भाग. त्यात तुमची चूक नाही. मी शेवटचे पान छापले, तेव्हा तुमचे आईवडीलही लहान होते.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका थंड गावात झाला. तिथले मला फारसे आठवत नाही. भट्टी, हातोडे, मग एक लाकडी पेटी आणि पेटीभर अंधार, एवढेच आठवते. पेटी उघडली ती ब्रह्मदेशात, रंगूनच्या धक्क्यावर. घामाने निथळणाऱ्या हमालांनी मला बैलगाडीवर चढवले आणि पझुनडाउंग खाडीजवळच्या एका गल्लीत आणून ठेवले. गल्लीच्या एका बाजूला भाताच्या गिरण्या, दुसऱ्या बाजूला मासळीचा बाजार. त्यामुळे माझ्या अंगाला शाईच्या आधी कोंड्याचा आणि सुक्या मासळीचा वास लागला.

मला विकत घेणाऱ्या गृहस्थांचे नाव ऊ पो चान, त्यातला 'ऊ' मानाचा. उंच, किरकोळ अंगाचे, लुंगीची गाठ सारखी सैल होणारे. देश नुकताच स्वतंत्र झाला होता आणि ज्याच्याजवळ चार शब्द होते त्याला वर्तमानपत्र काढावेसे वाटत होते. ऊ पो चान यांनीही काढले. नाव ठेवले 'खाडीकाठ'. ते सायंदैनिक होते. दुपारी मी फिरायला लागे आणि गिरण्या सुटायच्या आत अंक गल्लीच्या तोंडाशी पोहोचत. कोणती बोट आली, भात काय भावाने गेला, कोणत्या मंत्र्याने काय आश्वासन दिले आणि मागच्या वर्षी त्यानेच काय दिले होते, असे सगळे त्यात असे. मंत्री चिडत. चिडले की अंक जास्त खपे.

ते माझे चांगले दिवस. पाहुणे आले की ऊ पो चान त्यांना आधी माझ्यासमोर उभे करत आणि म्हणत, "हे आमचं यंत्र. आमच्या घरात खोटं न बोलणारं एवढं एकच." पाहुणे हसत. मी फिरत असे. यंत्राला स्तुती कळत नाही म्हणतात. मला कळत होती.

मग राज्य सैन्याचे झाले. एका पाठोपाठ एक दैनिके बंद झाली किंवा सरकारने घेतली. 'खाडीकाठ' लहान होते. ते घ्यावे असेही कोणाला वाटले नाही, नुसते बंद करून टाकले. त्यानंतर कितीतरी वर्षे मी लग्नाच्या पत्रिका, चिरूटांच्या पुड्यांवरची लेबले आणि पोटदुखीच्या औषधाच्या चिठ्ठ्या छापत राहिले. पुढे कधीतरी वरच्यांच्या मनात आले आणि 'खाडीकाठ' पुन्हा काढायची परवानगी मिळाली. आता मात्र ते आठवड्यातून एकदा निघणार होते. अट एकच. अंक आधी छापायचा, मग तपासणी कचेरीत दाखवायचा, त्यांना जे खटकेल ते काढायचे आणि मगच विकायचा. छापून झालेल्या कागदावरून मजकूर काढायचा कसा, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. त्याचे दोन उपाय होते. एक, पान फाडायचे. दुसरा, त्या मजकुरावर रुपेरी रंग फासायचा.

त्या रंगाचा डबा छापखान्यात कायम असे. आमच्या अंकात मधूनमधून चांदीचे ठिगळ दिसू लागले. पहिल्या वेळी सगळे संतापले. दुसऱ्या वेळी कुरकुरले. पुढे पुढे रंग संपत आला की कोणीतरी निमूटपणे नवा डबा आणून ठेवी, शाई आणावी तसा.

आता ओन तिनबद्दल सांगते. ही हकिगत खरे तर तिचीच आहे.

दॉ ओन तिन ('दॉ' हाही मानच, बाईमाणसाचा) आमच्याकडे खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरे, जुळवायची. तिचा नवरा बोटीवर कामाला होता, तो तापाने लवकर गेला. तान्ह्या मुलाला पाठीशी बांधून ती कामाला लागली आणि छापखान्याच्या मागच्या खोलीत राहू लागली. गालावर थनाख्याचा, उगाळलेल्या सालीचा, पिवळसर लेप, केसांत कंगवा, कमरेला खिळे पुसायचे फडके. ब्रह्मी अक्षरे गोल गोल असतात, घाईत एकीच्या जागी दुसरी लागते. तिची लागत नसे. सगळे तिला आमा म्हणत, म्हणजे थोरली बहीण. तिच्याहून मोठी माणसेसुद्धा आमाच म्हणत.

मला चालवणारा मशीनमन को ए ल्विन, 'को' म्हणजे दादा. बुटका, रुंद खांद्यांचा, तोंडात सदा सुपारी. त्याच्या तोंडून शब्द निघाला तर गिऱ्हाइके दचकत. माझ्या रुळांशी मात्र तो बोलत असे. "चल गं म्हातारे, आज अडू नकोस," असे म्हणून शाई लावत असे. मी तेव्हा म्हातारे नव्हते, पण मी ते मनावर घेतले नाही.

ओन तिनचा मुलगा लिन ठुट माझ्या पायाशी वाढला. रद्दीच्या ढिगावर झोपला, वाया गेलेल्या कागदावर अक्षरे गिरवली आणि मोठा होऊन विद्यापीठात गेला. रोज सायकलने जाई. पायात निळ्या पट्ट्यांच्या सपाता. त्यातला एक पट्टा तुटला होता तो आईने तांब्याच्या तारेने शिवून दिला होता. "नवीन घे की," ऊ पो चान म्हणाले, तर म्हणाला, "सया, या आता आईने जुळवलेल्या आहेत. यांच्यात चूक निघणार नाही." सया म्हणजे गुरुजी. ऊ पो चान यांना सगळे सयाच म्हणत.

त्या वर्षी शहरात विद्यार्थ्यांची गडबड झाली. मोर्चे निघाले, गोळ्या झाडल्या गेल्या, विद्यापीठाला कुलूप लागले. लिन ठुट एका सकाळी मित्राकडे जातो म्हणून गेला. सायकल गल्लीच्या तोंडाशी सापडली. तो सापडला नाही. काही दिवसांनी कोणीतरी सांगितले की तो तुरुंगात आहे. ओन तिन दर आठवड्याला भात आणि तळलेली मासळी घेऊन तुरुंगाच्या दाराशी जाऊ लागली. डबा आत घेतला जाई आणि रिकामा परत मिळे. रिकामा डबा मिळतो म्हणजे मुलगा जेवतो, असे ती धरून चालली. आम्हीही धरून चाललो.

पावसाळा संपता संपता एक दिवस डबा भरलेलाच परत आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी साध्या कपड्यांतली दोन माणसे दाराशी आली. ओन तिन मासळी बाजारावरचा लेख जुळवत होती. त्यातल्या एकाने तिचे नाव विचारले. मग म्हणाला, "तुमचा मुलगा वारला. आजारी होता."

"कधी?"

"झाले तीन-चार दिवस."

"मला त्याला न्यायचं आहे."

"सगळं उरकलं आहे," तो म्हणाला. "तुम्हाला त्रास नको म्हणून."

दोघे गेले. ऊ पो चान खुर्चीतून उठले, पुन्हा बसले. को ए ल्विनने मला थांबवले. ओन तिन थोडा वेळ दाराकडे पाहत राहिली. मग तिने हातातला खिळा जागेवर लावला, पुढचा उचलला, त्याच्या पुढचा उचलला आणि लेख पुरा केला. मित्रांनो, तो लेख मी छापला आहे. त्यात एकही चूक नव्हती.

तुम्ही विचाराल, ती रडली का? नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. ती रोजच्यासारखी उठे, अंगण झाडी, भात शिजवी. ती स्वतः खाई की नाही हे मला ठाऊक नाही. तिच्याकडे पाहताना मला हिवाळ्यातल्या पहाटेची आठवण येई. तेव्हा माझी शाई घट्ट होते, रूळ फिरतात, पण कागदावर काही उमटत नाही. मलाही काही वाटत नव्हते. वाटायला हवे होते, एवढे मात्र कळत होते.

तीन दिवसांनी ती ऊ पो चान यांच्या टेबलाशी उभी राहिली.

"सया, मला एक चौकट हवी आहे. शेवटच्या पानावर."

आमच्याकडे कोणी गेले की वर्तमानपत्रात तशी चौकट देतात. कोण गेले, कोणाचे कोण होते आणि भिक्षूंना अन्नदान कधी आहे. वाचून माणसे येतात. न कळवणे हे गेलेल्यावर अन्याय केल्यासारखे मानतात.

तिने मजकूर लिहून आणला नव्हता, सरळ जुळवूनच आणला होता. ऊ पो चान यांनी चष्मा लावून खिळे उलटे वाचले. 'खाडीकाठ छापखान्यातील दॉ ओन तिन यांचा एकुलता मुलगा लिन ठुट तुरुंगात वारला. अंत्यविधीस आईला बोलावले नाही. येत्या रविवारी सकाळी छापखान्याच्या अंगणात भिक्षूंना अन्नदान आहे. ओळखीच्यांनी यावे.'

"आमा," ते हळूच म्हणाले, "आपण असं करू या का? 'अल्प आजाराने वारला' असं घालू. तेवढं चालवून घेतील."

"आजारी नव्हता तो."

"तुला कसं ठाऊक?"

"आजारी माणसाचा डबा रिकामा येत नाही, सया."

ऊ पो चान यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. छापखाना बंद पडला तर चार घरांची चूल बंद पडेल हे त्यांना दिसत होते. मी त्यांना अनेक वर्षे पाहत होते. मंत्र्यांना चिडवणारे ऊ पो चान कधीचेच थकून गेले होते. त्यांनी खिळ्यांवरून पुन्हा एकदा नजर फिरवली. शेवटी म्हणाले, "लाव."

को ए ल्विनने जुळवलेल्या खिळ्यांचा फर्मा माझ्यावर चढवला. मग तिच्याकडे न पाहता म्हणाला, "आमा, हे खोडायला लावतील."

"लावू देत."

"रुपेरी फासायला लावतील."

"ए ल्विन, तू छाप."

त्याने सुपारी थुंकली. मग त्याने एक काम केले. एका जाड कागदाचा चौकटीएवढा तुकडा कापला, त्यावर खळ लावली आणि माझ्या मोठ्या सिलिंडरच्या गादीखाली नेमक्या त्या जागी डकवला. त्यावर आणखी एक तुकडा डकवला. ऊ पो चान म्हणाले, "अरे, काय करतोस? कागद फाटेल." तो म्हणाला, "फाटणार नाही. म्हातारीला विचारा."

मी फिरू लागले. बाकीचे पान नेहमीसारखे छापले जात होते. त्या चौकटीवर मात्र माझा सगळा भार पडत होता. खिळे कागदात रुतत होते. माझ्या जोडांतून आवाज येऊ लागला, पण मी अडले नाही. कागद बाहेर पडला तेव्हा त्याच्या पाठीवर, चौकटीच्या मागे, अक्षरे फुगून वर आली होती. को ए ल्विनने त्यावरून अंगठा फिरवला आणि कागद गठ्ठ्यात ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी तपासणी कचेरीचा माणूस आला. तरुण होता, इस्त्रीचा शर्ट, बोलायला मऊ. तो नेहमी चहा घेई आणि आपल्या आईच्या गुडघेदुखीबद्दल बोले. त्याने अंक टेबलावर पसरला. चौकटीभोवती तांबडे वर्तुळ होते.

"सया, अंक छान झाला आहे," तो म्हणाला. "मासळी बाजाराचा लेख तर आमच्या साहेबांना फार आवडला. घरी घेऊन गेले. एवढी एक चौकट तेवढी…"

"काय करू?"

"रुपेरी लावा. पान फाडायला सांगत होते, मीच म्हटलं, मागच्या बाजूला पंचांग आहे, लोकांची गैरसोय होईल."

"उपकार झाले," ऊ पो चान म्हणाले.

ओन तिनने चहा आणून ठेवला. त्याने कप उचलला आणि सहज विचारले, "हे कोण, कोणी ओळखीतलं होतं का?"

"माझा मुलगा," ओन तिन म्हणाली.

त्याने कप खाली ठेवला. कान लाल झाले. "मावशी, मला खरंच ठाऊक नव्हतं."

"चहा घ्या," ती म्हणाली. "गार होईल."

त्याने तो सगळा चहा प्यायला. दुसरे काय करावे हे त्याला कळले नसावे. मग उठला आणि आईच्या गुडघ्यांबद्दल काही न बोलता गेला.

दुपारी चटया पसरल्या गेल्या. अंकांचे गठ्ठे मधे आणि रंगाचे डबे चहूबाजूंनी. ऊ पो चान बसले, को ए ल्विन बसला. ओन तिनही येऊन बसली आणि तिने ब्रश उचलला.

"आमा, तू नको," को ए ल्विन म्हणाला. "तू आत जा."

"आत जाऊन काय करू?"

"पड जरा."

"पडून काय करू?"

ती फासू लागली. एक अंक घ्यायचा, शेवटचे पान उघडायचे, आडवा हात फिरवायचा, वाळायला बाजूला ठेवायचा, पुढचा घ्यायचा. तिने आपल्या हाताने जुळवलेले मुलाचे नाव ती आपल्याच हाताने झाकत होती, पुन्हा पुन्हा, संध्याकाळपर्यंत. तिच्या रंगाची कड सरळ येत होती. को ए ल्विनचा रंग मात्र कडेच्या बाहेर ओघळत होता. तिने एकदा त्याच्याकडे पाहिले.

"नीट फास. शेजारी छत्रीवाल्याची जाहिरात आहे. त्या बिचाऱ्याने काय पाप केलं?"

ऊ पो चान यांना हसू आले. ते हसू अर्ध्यावर कसे थांबले ते मी पाहिले आणि ते पुन्हा पाहण्याची मला इच्छा नाही.

शुक्रवारी अंक विकायला गेला.

पुढचे मला को ए ल्विनने सांगितले, माझे रूळ धूत असताना. शेवटच्या पानावर मोठी चौकोनी चांदी पाहून लोक थबकले. एरवी राजकारणाच्या मजकुरावर चांदी असे. दुखवट्याच्या जागी चांदी कोणी पाहिली नव्हती. कोणी रंग नखाने खरवडला, तर कागदच निघून आला. कोणी रॉकेलने पुसला, तर शाईही पुसली गेली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी न्हाव्याचे दुकान आहे. तिथे एक गिऱ्हाईक तोंडाला फेस लावून बसले होते आणि वेळ जात नाही म्हणून पंचांग वाचत होते. पंचांगाचे पान बोटांना खरखरीत लागले. त्याने ते आरशाकडे धरून तिरके केले. आरशात अक्षरे सुलटी दिसली.

न्हावी म्हणाला, "वाच की."

"वाचतोय. तू आधी दार लोटून घे."

त्या दिवशी त्या दुकानात पुष्कळ लोकांनी दाढी केली. ज्यांना दाढी नव्हती तेही येऊन बसले. मग घरोघरचे आरसे बाहेर आले. थनाखा लावायच्या छोट्या आरशांत बायकांनी ते वाचले, वाचून अंक घडी करून ठेवला आणि कोणी कोणाला काही बोलले नाही.

ओन तिनला यातले काही माहीत नव्हते. रविवारी ती लवकर उठली. भिक्षूंसाठी आणि गल्लीतल्या चार ओळखीच्यांसाठी पुरेल एवढा मोहिंगा, म्हणजे मासळीच्या रश्शातल्या शेवया, तिने एका पातेल्यात केला. चौकट झाकली गेली, तेव्हा कोण येणार, असा तिचा हिशोब. भिक्षू आले. त्यांनी पठण सुरू केले. तेवढ्यात अंगणाच्या दारातून एक माणूस आत आला, चपला काढून मागे बसला. मग दोन बायका आल्या. मग गिरणीतले हमाल आले. छत्रीवाला आला. न्हावी आला. शेजारच्या गल्लीतले आले, खाडीपलीकडचे आले. कोणी तांदूळ आणले, कोणी केळी, कोणी शेवयांची पुडकी. अंगण भरले, मग छापखाना भरला. माझ्या पायऱ्यांवर माणसे बसली, माझ्या चाकाला टेकून बसली. इतकी माणसे आणि एवढी शांतता मी कधी अनुभवली नव्हती.

ओन तिन पातेल्याशी उभी होती. ती को ए ल्विनला म्हणाली, "यांना कोणी सांगितलं?"

तो म्हणाला, "तूच नाही का सांगितलंस? चौकट दिली होतीस ना."

तिने आपल्या एकुलत्या पातेल्यात डोकावून पाहिले. शेजारणींनी आपली पातेली आणली. कोणी पाणी वाढवले, कोणी मासळी चिरली. जेवणे चालू झाली.

त्या गर्दीत एक बाई होती. अंगाने वाळलेली, गावाकडची. ती जेवत नव्हती. ती ओन तिनजवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तुमच्या मुलाच्या सपातांना निळे पट्टे होते का?"

ओन तिनने हातातली पळी खाली ठेवली.

"एका पट्ट्याला तांब्याची तार होती," बाई पुढे म्हणाली. "माझा मुलगा त्याच्याच खोलीत होता. गेल्या महिन्यात सुटला. तुमच्या मुलाने त्याला त्या दिल्या. माझ्या मुलाच्या पायाला जखम झाली होती, फरशी गार होती. तुमचा मुलगा म्हणाला, 'माझ्या आईने जुळवल्यात, निघायच्या नाहीत.' माझा मुलगा यायला घाबरला. मी आले."

"तो कसा गेला?" ओन तिनने विचारले.

"ते माझ्या मुलाला ठाऊक नाही. तुमच्या मुलाला दुसरीकडे नेलं एवढंच माहीत आहे. चालत गेला म्हणे. अनवाणी."

"चालत गेला?"

"हो. स्वतःच्या पायांनी."

ओन तिन तिथेच चटईवर बसली. मग ती त्या बाईला म्हणाली, "तुम्ही जेवला नाहीत. बसा." तिने दोन वाडगे भरले, एक तिच्यापुढे ठेवला, एक स्वतःपुढे घेतला. दोघी समोरासमोर बसून जेवल्या. त्या दुपारपासूनच्या इतक्या दिवसांत मी तिला पहिल्यांदाच जेवताना पाहिले.

दारापाशी साध्या कपड्यांतले लोक उभे होते. जेवणे उरकल्यावर त्यातला एक ऊ पो चान यांच्याकडे आला. "एवढी माणसं कशाला जमली?"

"जेवायला," ऊ पो चान म्हणाले. "मोहिंगा बरा झालाय. घेता का?"

त्याने घेतला नाही. आठवडा गेला आणि 'खाडीकाठ'ची परवानगी गेली. कारण लिहून दिले नाही. माझ्या चाकाला साखळी घातली, साखळीवर लाखेची मोहोर लावली. ऊ पो चान त्या वेळी माझ्याशेजारी उभे होते. आपण घाबरलो होतो, हे ते मोकळेपणाने म्हणाले. पण ओन तिनला 'लाव' म्हटल्याचा पश्चात्ताप मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. चार घरांची चूल खरोखरच बंद पडली होती. को ए ल्विन गिरणीत हमालीला गेला. ऊ पो चान दोन वर्षांनी वारले. ओन तिन मागच्या खोलीतच राहिली आणि गल्लीच्या तोंडाशी सकाळी मोहिंगा विकू लागली.

माझ्याबद्दल काय सांगू? साखळी गंजली. रुळांचे रबर तडकले. खिळे कोणीतरी वितळवून मासेमारीच्या जाळ्यांसाठी शिशाच्या गोळ्या केल्या. वर्षामागून वर्षे गेली आणि मला ती वेगळी करता येत नाहीत. पुढे राज्यकर्ते बदलले म्हणतात. मोहोर निघाली. शहरात पुन्हा रोज नवी वर्तमानपत्रे निघू लागली, मोठ्या गोडाऊनमधल्या मोठ्या यंत्रांवर. गल्लीत पोरे अंक ओरडून विकू लागली. तेव्हा आमच्याच गल्लीतल्या एका चहाच्या दुकानदाराने मला भंगारात घेतले, हिरवा रंग दिला आणि दुकानाच्या दारात उभे केले. लोक माझ्याजवळ उभे राहून फोटो काढतात. मग एका पहाटे पुन्हा रणगाडे आले आणि ती नवी वर्तमानपत्रेही बंद झाली. मला त्याचे नवल वाटले नाही. नवल वाटायचे राहिलेच नव्हते.

ओन तिन अगदी म्हातारी होऊन वारली, ती त्याच सुमारास. कोणत्याच पत्रात चौकट देता येण्याजोगी परिस्थिती नव्हती आणि तिचे असे मागे कोणी नव्हते. शेजारची बाई सकाळी निघाली. तिने पहिल्या घरी सांगितले, पहिलीने दुसरीला, भाजीवालीने गिरणीत, रिक्षावाल्याने खाडीपलीकडे. मी दुकानाच्या दारात उभे होते, म्हणून मला दिसले. ऊन चढले तेव्हा सगळी गल्ली पांढऱ्या कपड्यांनी भरली होती. पाठीत वाकलेला को ए ल्विन नातवाचा हात धरून आला होता. लंगडत चालणारा एक मध्यम वयाचा माणूस सगळ्यांच्या मागे होता, त्याला मी ओळखत नव्हते, पण त्याच्या पायाकडे पाहून मला निळ्या पट्ट्यांच्या त्या सपाता आठवल्या. त्याने दुकानदाराला विचारले, "दॉ ओन तिनचं घर कुठलं?" आणि दुकानदाराने दुकान तसेच उघडे टाकून त्याला सोबत केली.

त्या दिवशी मी एक अक्षरही छापले नव्हते.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी काहीतरी मागतात. कोणी तेल मागते, कोणी सावली. माझे फिरायचे दिवस संपले आहेत, मला तेल नको. तुमच्या गल्लीत एखाद्या घराचे दार बरेच दिवस अर्धे लोटलेले दिसले, एखाद्या आईने पोराचे नाव घेणे सोडून दिलेले दिसले, तर कुठे छापून येण्याची वाट पाहू नका. जाऊन विचारा. ती बोलली नाही तरी बसा. आणि तिने जेवायला वाढले, तर नको म्हणू नका.